गॅलरीतली भाजी: आधी ऊन, मग माती, रोप सगळ्यात शेवटी

रविवारी नर्सरीत जायचं, मिरची-टोमॅटोची चार रोपं, चार कुंड्या आणि मिळेल ती लाल माती घेऊन यायची, संध्याकाळपर्यंत गॅलरी भरून टाकायची. बहुतेकांची सुरुवात अशीच होते. महिना-दीड महिन्यात पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते आणि 'आमच्या हाताला झाडं लागत नाहीत' असं म्हणून कुंड्या रिकाम्या होतात. हाताचा काही दोष नसतो, क्रम चुकलेला असतो. रोप एकदा घरात आलं की ते वाट बघत नाही; मग ऊन बघणं, माती मुरू देणं, भोकं पाडणं हे सगळं घाईत उरकलं जातं किंवा राहूनच जातं. म्हणून रोप ही खरेदीतली शेवटची वस्तू.

पुढचे टप्पे महाराष्ट्रातल्या शहरी फ्लॅटच्या गॅलरीसाठी किंवा लहान गच्चीसाठी आहेत, रासायनिक खतं-औषधं न वापरता भाजी पिकवण्यासाठी. नवख्या माणसाने पावसाळा ओसरताना सुरुवात करावी. ऑगस्टमध्ये तयारीला लागलात तर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी होते आणि थंडीभर भाजी मिळते. मार्चमध्ये सुरुवात केली तर टोमॅटो फुलावर येईपर्यंत कडक उन्हाळा लागतो. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रीही उकाडा राहिला की फुलं येतात आणि गळून पडतात.

टप्पा १: ऊन मोजा

सुट्टीच्या एका दिवशी सकाळी ८ पासून संध्याकाळी ५ पर्यंत दर दोन तासांनी गॅलरीत जाऊन बघा आणि कुठल्या कोपऱ्यावर थेट ऊन आहे ते लिहून ठेवा. जमिनीवर सावलीची कड स्पष्ट दिसली तरच ते ऊन. नुसता उजेड धरू नका.

मिरची, टोमॅटो, वांगं, भेंडी यांना रोज ५ ते ६ तास थेट ऊन लागतं. मेथी, पालक, कोथिंबीर ३-४ तासांत भागवतात. त्याहून कमी ऊन असेल तर पुदिना आणि अळू लावा आणि त्यातच समाधान माना. सावलीतलं टोमॅटोचं झाड नुसतं उंच वाढतं, फळ धरत नाही, आणि कितीही खत घातलं तरी उन्हाची कमतरता भरून निघत नाही.

गॅलरीची दिशाही बघा. दक्षिणेच्या गॅलरीत ऑक्टोबर ते फेब्रुवारी भरपूर ऊन आत येतं. मे महिन्यात सूर्य डोक्यावर आला की वरच्या मजल्याचा स्लॅब ते अडवतो. उत्तरेच्या गॅलरीत साधारण मे ते जुलै एवढ्याच काळात थेट ऊन पोचतं, त्यातले दीड महिने पावसाचे. पूर्वेचं सकाळचं ऊन पालेभाजीला उत्तम. पश्चिमेच्या गॅलरीत थंडीत काही अडचण नाही, पण एप्रिल-मेमध्ये हिरवी शेडनेट बांधावी लागते.

*सावधान:* मे महिन्यात मोजलेलं ऊन थंडीतल्या पिकाच्या उपयोगाचं नाही. पेरणीच्या सुमारास पुन्हा मोजा.

वजनाचा विचारही याच वेळी करा. २० लिटरची भरलेली, ओली कुंडी २० ते २५ किलोच्या घरात जाते. मोठ्या कुंड्या कठड्याकडे न ठेवता आतल्या भिंतीलगत ठेवा. ग्रिलच्या बाहेर किंवा कठड्यावर कुंडी ठेवूच नका, खाली माणसं चालत असतात.

टप्पा २: ओल्या कचऱ्याचा डबा त्याच दिवशी सुरू करा

घरच्या कंपोस्टला दोन महिने लागतात, म्हणून ते आधी सुरू करायचं. पहिल्या लागवडीला गांडूळखत विकत आणावं लागेल, पण दुसऱ्या लागवडीला घरचं खत तयार असलं पाहिजे.

झाकणाच्या २० लिटरच्या बादलीला तळाशी आणि बाजूंनी भोकं पाडा. तळाशी चार बोटं सुका पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्यांचा भुसा घाला. रोजची भाजीची देठं, साली, चहाचा चोथा बारीक करून टाका आणि प्रत्येक वेळी त्यावर दुप्पट सुका पाला पसरा. चहाचा चोथा दूध-साखरेचा असेल तर धुऊन घ्या. शिजवलेलं अन्न, तेलकट पदार्थ, मासे-मटण सुरुवातीला नको. आठवड्यातून दोनदा तळापासून वर-खाली करा.

घाण वास आला तर ओलावा जास्त झाला असं समजा आणि सुका पाला वाढवा. मळकट रंगाच्या जाडसर अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचरा खाऊन संपवतात.

*तपासा:* खत तयार झालं की काळपट, भुसभुशीत दिसतं, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो आणि कुठली साल कशाची ते ओळखू येत नाही. अर्धवट कुजलेला कचरा कुंडीत गेला तर तो तिथे कुजत राहतो आणि रोपाच्या वाट्याचा नत्र (नायट्रोजन) खाऊन टाकतो. पानं पिवळी पडण्यामागे हे कारण फार वेळा असतं.

टप्पा ३: कुंडी

पालेभाजीला खोली कमी चालते, पसारा हवा: ६ ते ८ इंच खोल क्रेट, टब किंवा फळांचा थर्माकोलचा खोका. मिरची-वांग्याला १२ बाय १२ इंचाची ग्रोबॅग, म्हणजे साधारण २० लिटर. टोमॅटोला कमीत कमी एवढीच, मोठी असेल तर उत्तम. दुधी, दोडका, काकडी अशा वेलांना १५ बाय १५ इंचाची, म्हणजे ४० लिटरच्या आसपास. एका बॅगेत एकच झाड. जागा रिकामी दिसते म्हणून तीन लावली तर तिन्ही अर्धपोटी राहतात.

तळाला करंगळीएवढी पाच-सहा भोकं हवीत. दुकानातल्या प्लास्टिक कुंड्यांना बऱ्याचदा भोकांच्या नुसत्या खुणा असतात, त्या फोडून घ्याव्या लागतात.

तळाशी विटांच्या तुकड्यांचा किंवा खडीचा जाड थर घालायची पद्धत सगळीकडे सांगितली जाते. ती सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहतं. वर कुंडीची चार इंच खोलीही फुकट जाते. भोकावर नारळाच्या शेंडीचा तुकडा किंवा जाळी ठेवली की पुरे. कुंडी मात्र दोन विटांवर उचलून ठेवा, म्हणजे निचरा मोकळा राहील आणि फरशीवर डाग पडणार नाहीत.

*सावधान:* रंगाच्या किंवा रसायनाच्या जुन्या डब्यात खाण्याची भाजी लावू नका.

टप्पा ४: माती, आणि ती मुरण्यासाठी दोन आठवडे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जमिनीत मुळं हवी तिकडे पसरतात, गांडुळं माती पोकळ ठेवतात. कुंडीत यातलं काही नाही. शेतातली कितीही सुपीक काळी माती कुंडीत भरली तरी ती पाण्याने चिकट होते, वाळली की भेगाळते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. नर्सरीतली नुसती लाल मातीही महिन्याभरात विटेसारखी घट्ट बसते. मुळांना पाणी लागतं तेवढीच हवाही लागते.

मिश्रण असं करा, सगळं घमेल्याच्या मापाने:

- १ भाग चाळलेली पोयटा (गाळाची) माती किंवा लाल माती
- १ भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबलेल्या विटेच्या रूपात मिळतो)
- १ भाग गांडूळखत किंवा पूर्ण मुरलेलं शेणखत
- दर २० लिटर मिश्रणाला मूठभर, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास, निंबोळी पेंड

कोकोपीट धुणं टाळू नका. त्यात क्षार असतात आणि ते कोवळ्या मुळांना सोसत नाहीत. वीट बादलीत भिजवा, फुगल्यावर फडक्यात घट्ट पिळा, पाणी ओतून द्या. पहिलं पाणी गडद चहाच्या रंगाचं निघतं. रंग फिका होईपर्यंत दोन-तीनदा असंच करा. ५ किलोच्या विटेतून साधारण ६०-७० लिटर कोकोपीट मिळतं, तेव्हा दोन-तीन कुंड्यांसाठी लहान वीटच आणा.

शेणखत ताजं असेल तर उष्णतेने मुळं भाजतात आणि त्याच्यासोबत हुमणीची पांढरी, वळलेली अळी घरात येते. हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास येत असेल तर ते अजून खत झालेलं नाही, आणखी दोन महिने ठेवा.

सगळं एकत्र कालवा, हलकं शिंपडून ओलं करा, गोणपाटाने झाकून सावलीत १० ते १५ दिवस ठेवा. मधे एकदा उलथं-पालथं करा. पेंड मुरताना मिश्रण थोडं गरम होतं, बुरशीचा पांढरा थरही दिसतो. ते बिघडलेलं नाही. त्या अवस्थेत रोप लावलं तर मात्र रोप बिघडेल.

*तपासा:* मुरलेलं मिश्रण मुठीत घेऊन घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा टिकायला हवा आणि अंगठ्याने हलकं ढोसताच विस्कटायला हवा. बोटांमधून पाणी गळलं तर ते ओलं आहे, सुकू द्या. गोळा ढोसूनही फुटत नसेल तर मातीचं प्रमाण जास्त झालं, कोकोपीट वाढवा. गोळा बांधलाच गेला नाही तर खत किंवा पाणी कमी आहे.

कुंडी भरताना वरचे दोन इंच मोकळे सोडा, ती पाण्याची जागा. हाताने दाबून बसवू नका. कुंडी दोनदा जमिनीवर आपटली की पुरतं. मग एक तांब्या पाणी घालून बघा. मिनिटभरात पाणी वरून नाहीसं व्हायला हवं आणि थोड्या वेळात तळातून ठिबकायला हवं. पाणी वर तुंबून राहिलं तर पेरणी थांबवा आणि मिश्रण पुन्हा करा.

टप्पा ५: पेरणी आणि रोपं

पहिल्या हंगामाला पाच कुंड्या पुरेत: दोन पालेभाजीचे टब, दोन मिरच्या, एक टोमॅटो. वीस कुंड्यांनी सुरुवात केली तर कुठल्या कुंडीत काय बिघडतंय हे लक्षातच येत नाही.

मेथी रात्रभर भिजवा, सकाळी पसरून पेरा, वर अर्धा सेंटिमीटर मिश्रण भुरभुरा. तीन-चार दिवसांत उगवते, २५ ते ३० दिवसांत काढणीला येते. सगळी एकदम न पेरता दर दहा-बारा दिवसांनी एक टब पेरा.

कोथिंबीर उगवत नाही ही तक्रार घरोघर आहे. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया असतात, वर कडक टरफल. धणे फडक्यावर पसरून वाटीच्या बुडाने हलकेच रगडा, प्रत्येक दाण्याची दोन अर्धुकं सुटी झाली पाहिजेत, पीठ होता कामा नये. मग ८-१० तास भिजवून अर्धा इंच खोल पेरा. उगवायला ८ ते १२ दिवस घेते. पाचव्या दिवशी काही दिसत नाही म्हणून माती उकरून बघू नका.

मिरची, टोमॅटो, वांगं यांची आधी रोपं करायची. ट्रेमध्ये किंवा कागदी कपात कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं भरून बी एक सेंटिमीटर खोल टाका. टोमॅटोचं रोप २५-३० दिवसांत लावणीला येतं, मिरचीचं ३५-४० दिवसांत. भेंडी, गवार आणि वेलभाज्या थेट कुंडीत पेरा, त्यांच्या मुळांना हलवलेलं आवडत नाही.

लावणी संध्याकाळी करा. टोमॅटोचं रोप खालच्या पानांपर्यंत खोल गाडलं तरी चालतं, दांड्यालाही मुळं फुटतात. मिरची-वांग्याचं रोप ट्रेमध्ये होतं त्याच पातळीला ठेवा. टोमॅटोची काठी त्याच दिवशी रोवा. महिन्याने रोवायला गेलात तर मुळं तुटतील. पहिले तीन-चार दिवस भर दुपारच्या उन्हापासून आडोसा द्या.

*सावधान:* गुलाबी किंवा हिरव्या रंगाचा लेप असलेलं बी बुरशीनाशक लावलेलं असतं. सेंद्रिय भाजी करायची तर लेप नसलेलं बी मागा. नर्सरीतून रोप आणलंत तर पानं उलटून बघा आणि आठवडाभर ते बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा.

टप्पा ६: पाणी

कुंडीतली झाडं तहानेने मरतात त्याहून जास्त पाण्याने मरतात. 'रोज एक मग' हा नियम सोडा. त्याने वरचा इंचभर थर ओला होतो, मुळं वरच घोटाळतात आणि तळ कोरडा राहतो. नाहीतर उलट होतं: कोकोपीट वरून सुकलेलं दिसतं, खाली मात्र चिखल असतो.

मातीत बोटाची दोन पेरं खुपसा. ओल लागली, बोटाला माती चिकटून आली, तर आज पाणी नाही. कोरडं लागलं तर तळातून पाणी येईपर्यंत हळूहळू घाला आणि पुन्हा बोट सांगेपर्यंत थांबा. मधल्या काळात मातीत वाफसा राहतो, मुळांना ओलही मिळते आणि हवाही. थंडीत हे अंतर दोन-तीन दिवसांचं असेल, एप्रिलमध्ये रोज, कधी दोनदाही. पाणी सकाळी, झाडाच्या बुडाशी. संध्याकाळी पानांवर फवारा मारून गेलं की रात्रभर ओल राहते आणि बुरशीला आमंत्रण मिळतं.

दुपारी दोन वाजता पानं मान टाकून बसलेली दिसली की लोक धावत पाणी घालतात. आधी बोट घाला. माती ओली असेल तर झाड नुसतं उन्हापासून स्वतःला वाचवतंय, सूर्य कलला की ते उभं राहील. सकाळीही पानं मलूल असतील आणि माती ओली असेल, तर मुळं कुजायला लागली आहेत: पाणी बंद, कुंडी सावलीत, भोकं मोकळी आहेत का ते तपासा.

गावाला जाऊन आल्यावर माती कडेपासून सुटलेली दिसते, पाणी घातलं की कडेने वाहून जातं आणि आपल्याला वाटतं तळातून आलं म्हणजे पोचलं. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास बसवा.

मातीवर सुक्या पाल्याचं बोटभर जाड आच्छादन ठेवा, दांड्याला न चिकटवता. कुंडीखालच्या बशीतलं पाणी रोज ओतून टाका. डेंग्यूच्या डासाला एवढंसं साचलेलं स्वच्छ पाणी अंडी घालायला पुरतं, आणि आठवड्याभरात त्यातून डास बाहेर पडतात.

टप्पा ७: खत

मुरलेली माती महिनाभर झाडाला पुरते. त्यानंतर दर १५ दिवसांनी वरची माती खुरप्याने हलकी करून मोठ्या कुंडीला दोन मुठी गांडूळखत द्या आणि पाणी घाला. फळभाज्यांना फुलं येऊ लागली की शेंगदाणा पेंडीचं पाणी: १०० ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात दोन-तीन दिवस भिजवा, गाळा, दहापट पाणी मिसळून झाडाला अर्धा लिटर. वास येतो, शेजाऱ्यांचा विचार करून सकाळी लवकर घाला.

केळ्याच्या साली, अंड्याची टरफलं थेट कुंडीत टाकायची सवय लागते. साली मुंग्या आणि चिलटं बोलावतात, टरफलं विरघळायला फार काळ घेतात. दोन्ही कंपोस्टच्या डब्यात घाला.

पानं गर्द हिरवी, झाड डेरेदार आणि फूल एकही नाही, असं झालं तर नत्र जास्त झालं. खत थांबवा.

टप्पा ८: कीड आणि फुलगळ

रोज सकाळी चार पानं उलटून बघा. औषध शोधण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, दोन-चार पानांवर असतानाच दिसला तर पाण्याच्या धारेने जातो. पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरा कापसासारखा थर, जुन्या दातांच्या ब्रशने साबणाच्या पाण्याने घासून काढा. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर कुठेतरी मावा किंवा पिठ्या आहे. मुंग्या त्यांचा गोड चिकटा खातात आणि त्यांना सांभाळतात.

फवारणीसाठी ५ मिली कडुनिंबाचं तेल आधी १-२ मिली सौम्य द्रव साबणात घोळवा, मग एक लिटर पाण्यात मिसळा. नुसतं तेल पाण्यावर तरंगतं आणि जिथे थेंब पडेल तिथे पान जाळतं. फवारा संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला, सात दिवसांच्या अंतराने तीनदा. एकदा मारून थांबलात तर अंड्यांतून निघालेली नवी पिढी तशीच राहते.

मिरचीचा चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसून वाटीसारखी वळणं, फुलकिड्यांमुळे, कोळी नावाच्या अगदी बारीक किडीमुळे किंवा पांढरी माशी पसरवते त्या विषाणूमुळे होतो. सुरुवातीला शेंडे खुडून फवारा मारा. नवी पालवीही तशीच वळून आली तर झाड उपटून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये नको. त्या एका झाडाचा मोह बाकीच्या मिरच्यांना महागात पडतो.

दुधीला बोटभर फळं धरतात आणि पिवळी पडून गळतात, तेव्हा खत कमी पडलेलं नसतं, परागीभवन झालेलं नसतं. उंच मजल्यावर कीटक फारसे येत नाहीत. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. नुसत्या लांब देठावरचं फूल नर, पाठीशी इवलासा दुधी असलेलं मादी. दिवेलागणीला नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हळुवार फिरवा. फळ धरलं असेल तर चार-पाच दिवसांत ते खाली वळून फुगायला लागतं.

टोमॅटोच्या बुडाशी काळा, खोलगट डाग पडतो तो रोग नाही. पाणी कधी खूप, कधी अजिबात नाही असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. पाण्याचं अंतर सांभाळा, पुढची फळं चांगली येतात.

टप्पा ९: तोडणी आणि तीच माती पुन्हा

पालकाची बाहेरची पानं कापा, मधला गाभा ठेवा, तीन-चार वेळा मिळतो. मिरची देठासकट कात्रीने काढा, ओढली तर फांदी येते. भेंडी एक दिवस जास्त राहिली तरी जून होते, म्हणून एकाआड एक दिवस तोडा. पिकलेली फळं झाडावर ठेवू नका, नवीन फुलं कमी येतात.

हंगाम संपल्यावर माती फेकू नका. मुळं काढा, माती पसरून चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा, चौथा हिस्सा नवं कंपोस्ट आणि पुन्हा मूठभर निंबोळी पेंड मिसळून दोन आठवडे मुरू द्या. टोमॅटो, मिरची, वांगं एकाच कुळातली असल्याने त्यांच्या मातीत पुन्हा त्यांच्यापैकी काही लावू नका; तिथे मेथी किंवा चवळी पेरा आणि टोमॅटो पालेभाजीच्या मातीत हलवा. कुंडीवर खडूने शेवटच्या पिकाचं नाव आणि महिना लिहून ठेवा, पुढच्या सप्टेंबरात आठवत नाही.